राक्षसांची खानेसुमारी

चातुर्मासात आमच्या घरी 'रामविजय' लागत असे. शके १६२५ मध्ये, म्हणजे इसवी सन १७०३ साली, श्रीधरस्वामींनी पंढरपुरी पुरा केलेला हा ग्रंथ पंचवटीतल्या आमच्या ओसरीवर दुपारच्या निवांत वेळी वाचला जाई, आणि वाचणाऱ्याच्या शेजारी बसून आजी तांदूळ पाखडीत असे. शूर्पणखेचे प्रकरण आले म्हणजे माझी दृष्टी पोथीवरून निघून आजीच्या हातांतल्या सुपावर जाऊन खिळे. कारण सुपासारखी नखे जिची ती शूर्पणखा, हा अर्थ मला तिनेच सांगितला होता, आणि बोटाच्या टोकाला एवढे मोठे सूप चिकटलेली बाई जेवते कशी, वेणी घालते कशी, या विचाराने माझा जीव घाबराघुबरा होत असे.

पुढे पुष्कळ वर्षांनी एक जुने सूप हाती घेऊन निरखून पाहिले, तेव्हा ज्या कोणी ही उपमा प्रथम योजिली त्याच्या दृष्टीची तीक्ष्णता ध्यानात आली. बुरडाने बांबूच्या बेळा तासून विणलेले, शेणाने सारवून सारवून काळपट झालेले ते सूप मागच्या अंगाला उभे आणि वळलेले होते, आणि पुढे येता येता रुंद, पातळ व सपाट होत गेले होते. अंगठ्याचे नखही मुळाशी कातडीत वळलेले असून शेवटी असेच पसरते. इतकेच नव्हे, तर सुपाच्या बेळांच्या ज्या उभ्या रेघा दिसतात, तशाच बारीक उभ्या रेघा म्हाताऱ्या माणसाच्या नखावर उमटलेल्या असतात. ही उपमा एखाद्या कवीने एकांतात बसून रचलेली नसावी. जिच्या हातांत रोज सूप होते आणि त्या सुपावर जिला रोज आपली नखे दिसत होती, अशा एखाद्या बाईच्या तोंडून ती प्रथम निघाली असावी, असे मला मनापासून वाटते. ज्या सुपात आपल्याकडे जन्मलेले मूल पहिल्या दिवसांत निजवितात, आणि जे सूप लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवितात, त्या घरच्या सुपाचेच राक्षसीच्या नखाशी लग्न लागावे, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. राक्षसांच्या नावांचा इतिहास मला याच एका प्रश्नासाठी महत्त्वाचा वाटतो: अंगावरून पडलेले नाव भयंकर केव्हा होते, आणि ते भय त्यात कोण घालतो?

वैयाकरणांनी या नावाची दखल फार पूर्वी घेतली. पाणिनीने असा नियम घालून दिला आहे की, नख आणि मुख हे शब्द समासाच्या शेवटी येऊन त्या समासाचे विशेषनाम झाले, तर स्त्रीलिंगी रूपाच्या अंती 'ई' येत नाही, 'आ' येतो. एखाद्या मुलीचे तोंड तांबूस असेल तर ती ताम्रमुखी. पण जिचे नावच तसे आहे ती शूर्पणखा. दुसरा नियम 'न'चा 'ण' होण्याचा. तोही विशेषनामापुरताच लागू होतो. नुसते वर्णन असते तर मधला वर्ण 'न'च राहिला असता. काशिकावृत्तीने या नियमांच्या उदाहरणांत शूर्पणखेला स्थान दिले आहे. वर्णन संपून नाव सुरू होते तो क्षण भाषेने एका णकाराने असा मुक्रर करून ठेवला आहे. 'शूर्पणखा' असा उच्चार करताना आपली जीभ टाळूकडे वळते, तेव्हा त्या बाईच्या नखांचे वर्णन आपण करीत नसतो, तिला हाक मारीत असतो.

लंकेत अशा हाका मारण्याजोगी माणसे किती होती, याची एक यादीच वाल्मीकीने देऊन ठेवली आहे. सुंदरकांडात हनुमान रात्रीच्या वेळी सीतेच्या शोधात घरोघर हिंडतो, आणि कवी एखाद्या पेशवाई कारकुनाने पेठेची खानेसुमारी करावी त्याप्रमाणे कोणाकोणाच्या वाड्यात तो शिरला ते तपशीलवार सांगतो. प्रहस्ताचे घर, महापार्श्वाचे घर, मग कुंभकर्णाचे, बिभीषणाचे, महोदराचे, विरूपाक्षाचे, विद्युज्जिह्वाचे, वज्रदंष्ट्राचे. पुढे वज्रकाय, धूम्राक्ष, शुकनाभ, ह्रस्वकर्ण, रोमश, ध्वजग्रीव, हस्तिमुख, शोणिताक्ष. हात, कुशी, कान, पोट, डोळा, जीभ, दाढ, देह, बेंबी, लव, मान, तोंड: मनुष्यदेहाचा जवळजवळ एकही भाग या दफ्तरातून सुटलेला नाही. जनस्थानच्या ठाण्यावर खराच्या हाताखाली जी चौदा हजारांची फौज होती, तिच्या सरदारांतही पृथुग्रीव, सर्पास्य, महाकपाल, स्थूलाक्ष, त्रिशिरा ही नावे आढळतात.

ही यादी पुन्हा पुन्हा वाचताना एक गोष्ट मला प्रकर्षाने जाणवली. 'शठ' किंवा 'रुधिराशन' यांसारखी थोडी नावे वगळली, तर या नावांत दोषारोप असा नाहीच. धूम्राक्षाचे डोळे धुरकट होते, एवढेच त्याचे नाव सांगते. तो क्रूर होता असे ते सांगत नाही. ह्रस्वकर्णाचे कान आखूड होते, हा काही गुन्हा नव्हे. गावात एकाच नावाची चार माणसे असली म्हणजे 'तो बुटका', 'तो घाऱ्या डोळ्यांचा' असा जो खुलासा करावा लागतो, त्याच जातीचा हा खुलासा आहे. खुद्द रावणाचे पाळण्यातले नाव उत्तरकांडाप्रमाणे दशग्रीव. दहा माना घेऊन जन्मलेल्या पुत्राचे नाव पिता विश्रवस् याने तसे ठेवले. 'रावण' हे नाव त्याला पुढे मिळाले, कैलास उचलू जाताना शंकराने पर्वत दाबला आणि वेदनेने त्याने जो आक्रोश केला, त्या आक्रोशावरून. बापाने दिलेले नाव देहाचे होते, आणि जगाने लक्षात ठेवले ते किंकाळीचे. कुंभकर्णाच्या बाबतीत तर आपण मराठी माणसांनी आणखी एक पल्ला गाठला आहे. त्याच्या नावात कान आहेत, झोपेचा मागमूसही नाही. तरी 'कुंभकर्णी झोप' म्हटले की कोणाच्या मनात कानांचा विचार येत नाही.

अवयवांवरून नाव पाडण्याची ही रीत राक्षसांसाठी निराळी काढलेली नव्हती. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त ऋषीचे तीन पुत्र आहेत, शुनःपुच्छ, शुनःशेप आणि शुनोलांगूल. तिन्ही नावांत कुत्र्याची शेपटी येते, आणि त्यांतला मधला ऋग्वेदातल्या सूक्तांचा द्रष्टा मानलेला आहे. अष्टावक्राचे आठ ठिकाणी वाकलेले शरीर त्याच्या नावातच आहे, पण ब्रह्मवेत्त्यांच्या सभेत त्याने त्यामुळे मान खाली घातली नाही. आणि राजांचे म्हणाल, तर आमच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीने कोरविलेल्या लेखात तिच्या पुत्राचे, सातकर्णीचे, जे गौरवगान आहे, त्यातल्या या नावाच्या व्युत्पत्तीविषयी विद्वानांत कितीही मतभेद असोत, कानाला तरी त्यात 'कर्ण' ऐकू येतोच. त्याच सातवाहनांच्या पौराणिक वंशावळीत 'लंबोदर' नावाचा राजा आहे. मोठ्या पोटाचे नाव धारण करणाऱ्या राजाच्या त्या घराण्याचे राज्य याच मुलखावर चालले.

घटोत्कचाचे उदाहरण तर मला सर्वांत बोलके वाटते. भीम व हिडिंबा यांच्या या पुत्राचे डोके घड्यासारखे गुळगुळीत व केशहीन होते, म्हणून त्याचे हे नाव पडले असे महाभारत सांगते. आता पुणे ताम्रपट या नावाने प्रसिद्ध असलेला वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेचा लेख पाहावा. चंद्रगुप्त विक्रमादित्याची ही कन्या वाकाटकांच्या घरी विदर्भात आली आणि पतीच्या मृत्यूनंतर अल्पवयी पुत्राच्या नावे तिने कारभार पाहिला. नंदिवर्धनाहून दिलेल्या या दानपत्रात माहेरचा वंश सांगताना तिने गुप्तांचा आदिराजा म्हणून जे नाव आदराने घेतले आहे, ते महाराज श्रीघटोत्कच हे होय. तांब्यावर कोरलेल्या सनदेत, धर्मकृत्याच्या प्रसंगी, सम्राटाची कन्या आपल्या मूळ पुरुषाचे नाव सांगते आणि ते नाव राक्षसीच्या पोराचे असते. पंधराव्या शतकात मेवाडच्या गादीवर बसून चितोडचा विजयस्तंभ व कुंभलगड उभारणारा महाराणा कुंभा, त्याचेही पुरे नाव कुंभकर्णच होते. त्याच्या आईबापांनी बारशाला ते नाव ठेवताना लंकेतल्या झोपाळू राक्षसाची भीती बाळगली नाही. भरलेला कुंभ तर मांगल्याचाच.

भारहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर, ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास, यक्षांच्या मूर्ती कोरून त्यांची नावे लिहिलेली आहेत. त्यांत एक 'सुचिलोम' यक्ष आहे. बौद्ध कथेत हा गयेला राहतो, त्याच्या अंगावरचे केस सुईसारखे असतात, आणि बुद्ध घाबरतो की नाही हे पाहण्यासाठी तो आपले अंग मुद्दाम त्याच्या अंगावर लोटतो. शिल्पकाराने मात्र पागोटे व अलंकार ल्यालेला भारदस्त पुरुष घडविला. सुया कोरल्या नाहीत. त्याच कठड्यावर 'कुपिर' आहे, म्हणजे कुबेर. ज्याच्या नावाचा अर्थ कुत्सित देहाचा असा कोशकार करतात, तोच धनाचा स्वामी. नाव अंगावर सुया घेऊन आले, तरी दगडाने ते सभ्यपणे उभे केले.

मग भय आले कोठून? याचे उत्तर मला एका प्राकृत ग्रंथात मिळाले, आणि तो ग्रंथ महाराष्ट्री प्राकृतात असल्यामुळे आपल्या भाषेच्या पूर्वजांपैकीच एक आहे, याचा मला विशेष आनंद वाटतो. विमलसूरीच्या 'पउमचरिय' या जैन रामायणात प्रारंभीच राजा श्रेणिक गौतम गणधराला शंका विचारतो की, राक्षस मांस खात आणि कुंभकर्ण सहा सहा महिने झोपे, या लोकांत चालणाऱ्या गोष्टी खऱ्या मानाव्या काय. उत्तरादाखल जे चरित्र सांगितले आहे त्यात रावणाचे कुळ नरभक्षकांचे नसून विद्याधरांचे आहे. रावणाला दहा मुखे नाहीत. लहानपणी त्याने गळ्यात रत्नहार घातला, त्यातल्या नऊ रत्नांत त्याच्या चेहऱ्याची नऊ प्रतिबिंबे पडली, आणि बघणाऱ्यांनी त्याला दशमुख म्हटले. त्याच्या भावाचे, म्हणजे कुंभकर्णाचे, नाव येथे भानुकर्ण. बहिणीचे नाव चंद्रनखा.

चंद्रनखा! या एका शब्दापाशी मी कितीतरी वेळ थांबलो होतो. बाई तीच, भावाची लाडकी, पंचवटीच्या वाटेवर जिचे नशीब फुटले ती. अवयव तोच, बोटांवरचे नख. कवीने नखाला हातही लावला नाही. फक्त शेजारचे सूप उचलून बाजूला ठेवले आणि तेथे चंद्र ठेवला. भावाचे कान तसेच राहिले. घड्याच्या जागी सूर्य आला. भय नखात नव्हते आणि कानातही नव्हते. ते उपमानात होते, आणि उपमान निवडणे सांगणाऱ्याच्या हाती होते. ज्याला शत्रू म्हणायचे त्याचे शरीर आपण घरातल्या घड्यासुपांनी मोजले, आणि ज्याला आपले म्हणायचे त्याचे आकाशातल्या तेजांनी. एवढ्या एका फेरफारात सबंध कुळाची कैफियत बदलून गेली.

पण येथे न्याय करताना सुपालाही न्याय दिला पाहिजे. उपमान घरगुती असले म्हणजे नाव भयंकरच होते, असे नाही. आणि याची साक्ष प्रत्येक मराठी घरात आहे. गणपतीच्या अथर्वशीर्षात देवाला जी विशेषणे लाविली आहेत, त्यांत लंबोदराच्या लगोलग 'शूर्पकर्णक' येते: सुपासारखे कान असलेला. तेच सूप, तोच बुरूड, त्याच बेळा. नखाला लागले तेव्हा ज्या सुपाने लहानपणी माझी झोप उडविली, ते कानाला लागताच लोभस झाले, आणि भाद्रपदात मूर्तिकाराच्या शाडूत ते कान किती रुंद हवेत याविषयी घरोघर प्रेमाने चर्चा होऊ लागली. लंकेच्या खानेसुमारीत हस्तिमुखाचे एक घर होते हे वर आलेच आहे. आपल्या देव्हाऱ्यात गजमुख आहे. महोदर आणि विकट ही नावे रावणाच्या माणसांची आहेत, आणि मुद्गलपुराणात गणेशाचे जे आठ अवतार सांगितले आहेत त्यांतही हीच दोन नावे आहेत.

हा योगायोग नव्हे. विनायकाचा पूर्वेतिहास पाहिला, तर तोही प्रारंभी भिण्याचाच विषय होता. मानवगृह्यसूत्रात चार विनायक येतात आणि त्यांनी झपाटलेल्या माणसाला वाईट स्वप्ने पडतात. याज्ञवल्क्यस्मृतीत विनायक एकच उरला आहे. पण त्याने ग्रासले म्हणजे राजपुत्राला राज्य मिळत नाही, कुमारीला वर मिळत नाही, व्यापाऱ्याला नफा होत नाही आणि शेतकऱ्याला पीक येत नाही, म्हणून त्याची शांती सांगितली आहे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या परिवर्तनाचा माग काढला. ज्याला बाहेर घालवायचे, त्यालाच शतकाशतकांनी आत बोलावून पाटावर बसविले. आणि तो आत आला तो आपली वाकडी सोंड, एकच दात आणि मोठे पोट घेऊन. आपण त्याचे नाव बदलले नाही. फक्त ते म्हणताना आवाज बदलला.

शूर्पणखेच्या वाट्याला हा बदल आला नाही. निदान आमच्या नाशकात तरी नाही. तपोवनात कपिला आणि गोदावरी यांच्या संगमापाशी लक्ष्मणाने तिचे नाक कापले, आणि त्या नासिकेवरून गावाचे नाव पडले, ही कथा यात्रेकरूंना दररोज सांगितली जाते. गावाचे नाव अर्थात फार प्राचीन आहे. पांडवलेण्यांतल्या ख्रिस्तपूर्व काळच्या लेखांत ते आहे. आणि पतंजलीच्या महाभाष्यात तर नासिकेपासून शब्द बनविताना 'नस्' असे रूप घ्यावे, ज्यावरून 'नस्य' हा शब्द होतो, पण वर्णाचे व नगराचे नाव असेल तर मात्र 'नासिक्य' असेच म्हणावे, असा अपवाद करावा लागला आहे. नासिक्य हा वर्ण, नासिक्य हे नगर. मोगलांनी त्याला गुलशनाबाद म्हणून पाहिले, फर्माने आणि दफ्तरे त्याच नावाने भरली, पण पेशवाईत जुनेच नाव पुन्हा रुळले. म्हणजे नखांवरून जिला नाव मिळाले, तिच्या नाकावरून आमच्या गावाला नाव मिळाले, असे लोकांनी मानले. आणि गावातल्या कोणत्याही देवळात तिच्यासाठी एक दिवा लागलेला मी पाहिला नाही. काळारामाच्या सभामंडपात उभा राहिलो म्हणजे हा विचार माझ्या मनात हमखास येतो, आणि तो मला अजून सुखाने बसू देत नाही.

जव्हार-मोखाड्याकडच्या आदिवासी पाड्यांत बोहाडा होतो, तेथे मात्र राक्षसांना अधिक मोकळी जागा आहे. उन्हाळ्याच्या रात्री मशालीच्या उजेडात, संबळाच्या तालावर, एकामागून एक सोंगे येतात. गणपती आधी येतो, आणि त्याच वाटेवरून, तेच वाद्य वाजत असता, दहा तोंडांचा रावणही येतो. मुखवटा जड असतो, डोळ्यांच्या भोकांतून समोरचे थोडेच दिसते, म्हणून नाचणारा मान सावकाश फिरवितो, आणि त्या सावकाशीनेच लहान मुले आईला बिलगतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच मनुष्य शेतावर भेटतो. भय किती वेळ ठेवायचे आणि केव्हा उतरवून ठेवायचे, याचा शिरस्ता त्या पाड्यांनी नीट बसविला आहे.

आपल्या आडनावांकडे पाहिले तरी हीच जुनी रीत हाताशी लागते. मानमोडे, डोईफोडे, कानफाडे, एकबोटे, टकले, बोबडे: ही घराणी शेकडो वर्षे ही नावे लावीत आली, दस्तऐवजांवर, लग्नपत्रिकांवर, शाळेच्या हजेरीपटावर. पहिल्या डोईफोड्याने खरोखर कोणाची डोई फोडली की त्याचीच फुटली, हे आज कोणी विचारीत नाही. वर्णन केव्हाच संपले, नाव उरले. पाणिनीचा णकार येथे उमटत नाही, एवढाच भेद.

लंकेतल्या बायकांची एक छोटी यादी सांगायची राहिली. अशोकवनात सीतेवर पहारा करण्यास ठेवलेल्या राक्षसी म्हणजे एकजटा, हरिजटा, दुर्मुखी, चंडोदरी, अजामुखी. त्यांच्या वर्णनात कान पांघरून बसणाऱ्या बायकाही आहेत. आपल्या कानांतच निजणाऱ्या हिंदी लोकांची गोष्ट मेगॅस्थेनीसने ग्रीकांना सांगितली, तीही याच जातीच्या वर्णनांतून त्याच्या कानी आली असावी. या घोळक्यात एक म्हातारी आहे, त्रिजटा. नाव इतरांसारखेच, डोक्यावरच्या केसांचे. एकजटेच्या शेजारी बसवावे असे. सगळ्या जणी सीतेला धमकावीत असताना ती झोपेतून उठते, रामाच्या विजयाचे पडलेले स्वप्न सांगते, आणि आपल्या सोबतिणींना त्या बाईची क्षमा मागायला लावते. काशीत विश्वनाथाच्या परिसरात तिचे लहानसे देऊळ आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बायका तेथे जातात, आणि तिला मुळा व वांगे वाहतात.